दहा दिवस दप्तराविना. पण मुलांना नेणार कुठे?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझी नात नागपुरातील एका खासगी शाळेत सातवीत शिकते. गेल्या पंधरवड्यात तिच्या शाळेने ‘दप्तराविना दिवस’ पाळला आणि ‘व्यवसाय परिचय भेट’ असे शीर्षक असलेल्या संमतिपत्रावर आईची सही घेऊन सातवीच्या चारही तुकड्यांना एका मॉलमध्ये नेले. संध्याकाळी ती एक फुगा आणि खेळण्यांच्या दुकानातील सवलतीचे कूपन घेऊन घरी आली. तिथे कोण काय काम करत होते, असे मी सहज विचारले, तर ती म्हणाली, “आजी, आम्ही सरकत्या जिन्यावरच होतो, काम करणारे कुठं दिसतात तिथून?” मुलीचा यात दोष नाही. शाळेचा हेतू वाईट होता असेही मी म्हणणार नाही. मुले भरपूर, हाताशी एक दिवस, जागा सुरक्षित आणि वातानुकूलित, असा साधा हिशेब त्यामागे असणार. परंतु ज्या तरतुदीच्या नावाने ही सहल निघाली ती तरतूद मुळात काय सांगते, हे बहुतेक पालकांपर्यंत पोहोचलेलेच नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

२९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवी, म्हणजे साधारण अकरा ते चौदा या वयासाठी, सुतारकाम, वीजकाम, धातुकाम, बागकाम, कुंभारकाम अशा व्यवसायांची तोंडओळख प्रत्येक मुलाला हाताने करून घडावी, असे म्हटले आहे. कोणते व्यवसाय निवडायचे हे त्या त्या राज्याने आणि तिथल्या लोकांनी स्थानिक गरज पाहून ठरवायचे आहे. याच तीन वर्षांत केव्हातरी दहा दिवस दप्तर घरी ठेवून मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा जाणकारांच्या हाताखाली राहावे, असेही त्यात आहे. धोरणात यासाठी जो इंग्रजी शब्द आला आहे त्याला आपल्याकडे ‘उमेदवारी’ हा जुना आणि नेमका शब्द आहे. उमेदवारी करणारा मुलगा उस्तादाजवळ बसतो, त्याचा हात पाहतो, चुकतो आणि पुन्हा करतो. बसच्या खिडकीतून उमेदवारी होत नाही. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने पुढे जाऊन कामाचे तीन प्रकार सांगितले: सजीवांसोबतचे काम, यंत्रे आणि साहित्य यांच्यासोबतचे काम, आणि माणसांच्या सेवेतले काम. राज्यात पहिली ते आठवीसाठी दप्तराविना उपक्रमांचा ‘आनंददायी शनिवार’ही आहे. म्हणजे कागदावरची वाट मोकळी आहे.

मी अठ्ठावीस वर्षे उच्च प्राथमिक वर्गांना विज्ञान आणि कार्यानुभव शिकवले, त्यामुळे कागदावरच्या वाटांचे पुढे काय होते हे मला थोडेफार ठाऊक आहे. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभव आणि समाजसेवा या दोहोंना शालेय शिक्षणाचे अविभाज्य अंग म्हटले होते. प्रत्यक्षात कार्यानुभवाची तासिका ही गणिताच्या शिक्षकांनी उसनी घ्यायची आणि कधीही परत न करायची तासिका होऊन बसली. वर्षाअखेरीस मुले बाजारातून विकत आणलेली फुलदाणी किंवा आईने रात्री जागून केलेले तोरण मांडून ठेवत आणि आम्ही त्यावर गुण देत असू. ‘आम्ही’ या शब्दामागे लपायला नको. मीच देत असे. समाजसेवेची गत याहून बरी नव्हती. वर्षातून एक प्रभातफेरी, हातात फलक, आणि आदल्या दिवशी शिपायाने झाडून ठेवलेल्या अंगणात मुलांच्या हाती कोरे झाडू देऊन काढलेले एक छायाचित्र. आता छायाचित्रांची संख्या वाढली आहे, एवढाच फरक.

हाताच्या कामातून शिकवण्याचे प्रयोग आपल्या इतक्या जवळ घडून गेलेले असताना आपण दिल्लीहून येणाऱ्या मार्गदर्शक पुस्तिकेची वाट पाहतो, याचे मला नेहमी नवल वाटते. नागपूरहून पाऊणशे किलोमीटरवर, वर्धेला, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने ‘नई तालीम’चा आराखडा तयार केला. हाताच्या कामातून भाषा, गणित, विज्ञान शिकवता येते, ही कल्पना तिथे मांडली गेली, आणि सेवाग्रामची ‘आनंद निकेतन’ शाळा आजही त्या वाटेने चालते आहे. पुण्याजवळ पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञान ओळख’ या अभ्यासक्रमातली मुले वेल्डिंग, वीजजोडणी, रोपवाटिका, रक्तगट तपासणी शिकतात आणि शिकता शिकता गावातल्या लोकांची खरी कामे करून देतात. माझ्या विषयाचे सार मला याच गोष्टीत दिसते. तिथे व्यवसायाची ओळख आणि गावाची सेवा यांच्यासाठी दोन वेगळ्या वह्या नाहीत.

मात्र या विचारावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो नागपुरात उच्चारला जाणे स्वाभाविक आहे. काही वर्षांपूर्वी पालकसभेत मी मुलांना सुताराकडे आणि चांभाराकडे नेण्याची योजना सांगत असताना मागच्या बाकावरचे एक वडील उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, “मॅडम, आमच्या आज्यानं हेच केलं, बापानंही हेच केलं. पोराले शाळेत टाकलं ते यातून सुटावं म्हणून. तुम्ही त्याले परत तिथंच नेता?” माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारींच्या सरकारने प्राथमिक शाळेची वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा व्यवसाय शिकावा अशी योजना आणली होती. ती जन्मजात धंद्यात मुलांना जखडणारी आहे म्हणून तिच्याविरुद्ध एवढा असंतोष उसळला की १९५४ मध्ये कामराज यांच्या सरकारने ती रद्द केली. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी बजावले होते, आणि त्यांनी लाखो अनुयायांसह जिथे धम्मदीक्षा घेतली त्या शहरात तरी हा आक्षेप ‘पालकांचा गैरसमज’ म्हणून झटकून टाकता येणार नाही.

या आक्षेपाचे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही, माझ्याच एका चुकीतून मिळाले. तान्ह्या पोळ्याच्या आधी एकदा मी सातवीच्या दहा मुलांना लाकडी नंदी करणाऱ्या एका सुताराकडे घेऊन गेले. आपल्याकडे तान्हा पोळा भोसल्यांच्या काळापासून चालत आला आहे, घरोघरी नंदी असतात, पण तो घडतो कसा हे मुलांनी कधी पाहिलेले नव्हते. त्या कारागिराने एका ओंडक्यावर खडूने दोन रेषा मारल्या, किती घनफूट लाकूड लागेल, त्यातले किती वाया जाईल आणि मजुरीसह नंदी कितीला पडेल, हे सगळे तोंडी सांगितले. एक मुलगी मला हळूच म्हणाली, “मॅडम, काकांले एवढं गणित कसं काय येते?” मला अगदी कृतकृत्य वाटले. परतताना लक्षात आले की एक मुलगा सकाळपासून एक शब्दही बोललेला नाही. त्याचे वडील सुतार होते. बाकीच्या नऊ जणांसाठी जे नवल होते ते त्याच्यासाठी रोजचे घर होते, आणि वर्गमित्रांच्या कौतुकात त्याला कौतुक ऐकू येत होते की कीव, हे तोच जाणे. पुढल्या सत्रात मी खटपट करून त्याला आणि आणखी सात जणांना अमरावती मार्गावरील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोत नेले. तिथे देशभरातल्या जमिनींचे उभे छेद जसेच्या तसे जतन करून ठेवलेले आहेत. आपली काळी कापसाची माती, कोकणातली तांबडी, राजस्थानची वाळवंटी. तो मुलगा तिथे अर्धा तास बोलत होता. “मातीचंबी ऑफिस असते?” हा त्याचा प्रश्न मला आजही आठवतो. तो पुढे काय झाला याच्याशी त्या दिवसाचे नाते जोडण्याचा मोह मी टाळते.

तेव्हापासून मी एकच नियम धरला: मुलाला प्रथम अशा कामाकडे न्यावे जे त्याच्या घरात कोणीही करत नाही. डॉक्टरांची मुलगी सुताराकडे जाईल, सुताराचा मुलगा मृदाशास्त्रज्ञाकडे, किराणा ओळीतल्या व्यापाऱ्याचा मुलगा अग्निशमन केंद्रात आणि अग्निशमन जवानाची मुलगी न्यायालयातल्या लघुलेखकाकडे. या एका नियमाने त्या वडिलांचा आक्षेप पुष्कळसा निवतो, कारण मग हे दहा दिवस वारसा पक्का करणारे राहत नाहीत. सुखवस्तू घरातल्या मुलांना हाताच्या कामातली बुद्धी दिसते, हा लाभ वेगळाच. तो लहान समजू नये.

वयाचा मुद्दाही इथेच येतो. कारकिर्दीचे मार्गदर्शन दहावीनंतर करायचे असते, असा आपला समज आहे. राज्यात २०१६ पासून काही वर्षे कल चाचणी घेतली गेली तीही दहावीच्याच विद्यार्थ्यांची. परंतु लिंडा गॉटफ्रेडसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये मांडलेला सिद्धान्त असा की मुले व्यवसाय निवडतात त्याच्या बरीच आधी ते गाळत जातात. सहा ते आठ या वयात ‘हे बायकांचे, ते पुरुषांचे’ असे म्हणून, आणि नऊ ते तेरा या वयात ‘हे हलके, ते प्रतिष्ठेचे’ असे म्हणून. आपल्याकडे यात जातीची चाळणीही मिळवावी लागते. म्हणजे दहावीच्या मुलीसमोर आपण व्यवसायांची लांबलचक यादी ठेवतो तेव्हा तिच्या मनातली यादी केव्हाच चारदोन नावांवर आलेली असते. सहावी-सातवी हीच ती वेळ आहे जेव्हा यादीतली नावे अजून खोडून व्हायची आहेत. दुर्दैवाने याच वयाच्या मुलांना ‘फाउंडेशन’च्या नावाने अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेश परीक्षांच्या रुळावर बसवण्याची घाई आपल्या शहरात चालली आहे. सहावीतल्या मुलाला आपण काय होणार हे ठाऊक आहे, पण त्याच्या घराच्या नळाला पाणी कुठून येते हे ठाऊक नाही.

पाण्याचेच उदाहरण घेऊ, कारण नागपुरात त्यासाठी लांब जावे लागत नाही. शहराचे पाणी पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून येते, जलशुद्धीकरण केंद्रांत ते निवळते, मग जलकुंभांतून घरात येते. वापरलेले पाणी गटारातून भांडेवाडीच्या मलनिस्सारण प्रकल्पात जाते आणि तिथे प्रक्रिया झालेले पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला पुरवले जाते. एवढ्या एका प्रवासात मुलाला किती माणसे भेटतील याचा विचार करावा: पाण्याचे नमुने तपासणारी रसायनतज्ज्ञ, झडपा उघडणारा व्हॉल्व्हमन, मीटरवाचक, गळती शोधणारा प्लंबर, गटार उपसणाऱ्या यंत्राचा चालक, प्रक्रिया केंद्रातला पंपचालक, वीज केंद्रातला अभियंता. शिवाय वर्धा मार्गावर १९५८ पासून उभी असलेली, नावातच पर्यावरण अभियांत्रिकी असलेली ‘नीरी’ ही राष्ट्रीय संशोधन संस्था आहेच. हीच मुले मग आपल्या वस्तीतल्या गळक्या नळांची मोजणी करतील, एका नळातून तासाला किती पाणी वाया जाते हे बादली लावून मोजतील आणि ती नोंद झोन कार्यालयात नेऊन देतील. ही समाजसेवा झाली, विज्ञान झाले, आणि अर्ज कसा लिहावा हे मराठीच्या तासाला शिकवायचे राहून गेलेलेही झाले.

असे धागे या शहरात हवे तितके आहेत. संत्र्याचा धागा धरला तर एका टोकाला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आणि दुसऱ्या टोकाला कळमना बाजार, जिथे अडत्या, मापारी आणि हमाल यांच्याजवळ तासभर उभे राहिल्यास व्याज, वजन आणि भाव यांवरची उदाहरणे जिवंत होतात. कापसाचा धरला तर केंद्रीय कापूस संशोधन संस्थेपासून गोळीबार चौक परिसरातल्या विणकरांच्या मागापर्यंत तो पोहोचतो. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये जिथे एम्प्रेस मिल उभारली तिथे आता मॉल आहे. न्यायचेच असेल तर मुलांना त्या मॉलमध्ये हे सांगायला न्यावे! चितार ओळीत मूर्तिकार आहेत, अजनीला रेल्वे इंजिनांची शेड आहे, विमानतळाजवळच्या मिहान या औद्योगिक क्षेत्रात विमानांची देखभाल होते. मेडिकल आणि मेयो या दोन मोठ्या सरकारी रुग्णालयांत मुलांना वॉर्डात नेता येणार नाही आणि नेऊही नये, परंतु रक्तपेढी, स्वयंपाकघर, धुलाईगृह आणि अभिलेख कक्ष इथे उभे राहिले की रुग्णालय म्हणजे डॉक्टर आणि नर्स एवढेच, हा समज गळून पडतो. डिसेंबरात विधिमंडळाचे अधिवेशन भरते तेव्हा आम्ही नागपूरकर रस्ते बंद म्हणून कुरकुरतो, पण कामकाजाची नोंद करणारे प्रतिवेदक, अनुवादक, वार्ताहर, बंदोबस्तावरचे पोलीस अशी माणसे एका ठिकाणी एरवी दिसत नाहीत.

सेवेच्या बाबतीत तर हे शहर मुलांपेक्षा मोठ्यांनाच शिकवत आले आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात आणि त्यांना पाणी, जेवण, औषध देण्यासाठी वस्त्यावस्त्यांतून माणसे स्वतःहून उभी राहतात. तीन वर्षे मी आठवीच्या मुलांना एका पाणपोईवर घेऊन जात असे. पहिल्या तासात त्यांचा उत्साह, दुसऱ्यात कंटाळा, आणि तिसऱ्यात त्यांना खरोखर दिसू लागे: टँकर कसे फिरवतात, हरवलेल्या मुलाचे नाव ध्वनिक्षेपकावरून सांगणारी बाई त्या मुलाला आधी काय विचारते, रात्री सगळे निजल्यावर सफाई कामगार कुठून सुरुवात करतात. सेवेचा कंटाळा येईपर्यंत थांबले पाहिजे, असे माझे मत त्यावरून बनले. छायाचित्रापुरत्या वीस मिनिटांत कंटाळा येत नाही आणि म्हणून काही दिसतही नाही.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा मी निवृत्त झाले होते. ओळखीच्या एका घरी चिखल काढायला माझ्या दोन जुन्या विद्यार्थिनी आणि त्यांची आठवीतली भावंडे आली. भिजलेली पुस्तके पान-पान सुटे करून पंख्याखाली वाळवायचे काम मुलांकडे होते. वीजतंत्री येऊन “मीटर वाळल्याशिवाय बटणाला हात लावू नका” असे म्हणाला आणि त्याने ते का, हेही दोन वाक्यांत सांगितले. विद्युतवाहकतेचा धडा मी किती वेळा शिकवला असेन, पण इतका थोडक्यात आणि इतक्या परिणामकारकपणे कधी शिकवल्याचे आठवत नाही. नाग, पिवळी आणि पोहरा या आपल्या नद्यांच्या काठच्या शाळांनी दर पावसाळ्यापूर्वी आपल्या परिसरातील नाल्यांची आणि बुजलेल्या पावसाळी गटारांची नोंद करायची ठरवली, तर मुलांच्या हाताला खरे काम मिळेल आणि महापालिकेला फुकटचे डोळे.

काळजीच्या गोष्टीही सांगायला हव्यात. बालकामगारविषयक १९८६ च्या कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर, शाळेबाहेरच्या वेळेतली घरच्या व्यवसायातली मदत आणि बालकलाकार हे अपवाद वगळता, चौदा वर्षांखालील मुलाला कुठल्याही कामावर ठेवता येत नाही. त्यामुळे मुलांनी पाहायचे, विचारायचे, निरुपद्रवी अवजार हाताळून पाहायचे. उत्पादनाला हात लावायचा नाही आणि चालत्या यंत्राजवळ जायचे नाही. गट आठ-दहांपेक्षा मोठा नको, सोबत दोन शिक्षक आणि त्यांतील एक शिक्षिका हवी. आपल्याकडे शाळाच उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनअखेरीस उघडतात. मार्चनंतर मुलांना बाहेर फिरवणे शक्य नाही, म्हणून हे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातच हवेत. गुण, श्रेणी, प्रमाणपत्र यांपैकी काहीही नको. सेवेचे तास मोजून त्याची पदके वाटण्याची रीत काही शाळांत शिरली आहे, तिथे मुले तास मोजायला तेवढी शिकतात.

शिक्षकांवर याचे सर्व ओझे टाकणे अन्यायाचे होईल, कारण एका भेटीसाठी चार कार्यालयांच्या पायऱ्या झिजवताना माझी किती दमछाक होत असे हे मी विसरलेले नाही. अनेकदा परवानगी येईपर्यंत सत्र संपलेले असे. प्रत्येक शाळेने स्वतंत्र पत्रे पाठवत बसण्यापेक्षा शिक्षण विभागाने शहरातील संस्था, कारखाने, कारागीर आणि कार्यालये यांच्याकडून वर्षातले चार दिवस मागून घ्यावेत आणि कोणत्या दिवशी कोण किती मुलांना बोलावू शकते याची एक यादी जूनमध्येच सर्व शाळांना, महापालिकेच्या शाळांना सर्वांत आधी, द्यावी. कारागिराचा त्या दिवशीचा रोजगार बुडतो, तेव्हा त्याला पाहुण्या व्याख्यात्याइतके मानधन द्यावे. आपण प्राध्यापकांना पाकीट देतो आणि सुताराला नारळ, हे मुलांच्या नजरेतून सुटत नाही.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक मागणे आहे. स्थानिक पानावर आठवड्यातून एकदा चार ओळींची जागा अशा लोकांसाठी ठेवावी, ज्यांना आपल्या कामाच्या जागी आठ मुलांना दोन तास बोलावण्याची तयारी आहे. शिवाय आपल्या छपाई विभागाने पहिले आमंत्रण द्यावे, कारण रात्री अंक कसा निघतो हे पाहिलेला एकही सातवीचा विद्यार्थी मला या शहरात अजून भेटलेला नाही. सोबत येणारी एक शिक्षिका मी आताच कबूल करते. मला रात्री जागण्याची सवय आहे आणि शनिवार मोकळा असतो.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
हनुमाननगर, नागपूर